टेकडीवरची शेवटची दोन घरे: लॉस एंजेलिसमधल्या एका स्थलांतराचा प्रकरण अभ्यास

मार्च १९६९ मध्ये लॉस एंजेलिसच्या बंकर हिल टेकडीवरून दोन लाकडी घरे उचलली गेली आणि शहराच्या ईशान्येकडच्या एका मोकळ्या जागेत नेऊन ठेवली गेली. दोन्ही १८८० च्या दशकातली. दोन्ही शहराच्या वारसा यादीत होती. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, दुरुस्तीला हात लागण्याआधीच, कोणीतरी आग लावली आणि दोन्ही जळून गेली.

वारसा वास्तू पाडल्याच्या कहाण्या पुष्कळ असतात. त्यात खलनायक शोधायला वेळ लागत नाही. इथे मात्र घरे वाचवणारी माणसे होती, कायद्याचे कागद होते, जागा मिळाली होती आणि सगळ्यांत अवघड वाटणारे काम, म्हणजे अख्खे घर रस्त्यावरून नेणे, तेही नीट पार पडले होते. मग नेमके चुकले कुठे, हे पाहण्यासाठी हे प्रकरण उपयोगी आहे. मालक, भाडेकरू, अधिकारी आणि कार्यकर्ते यांची नावे मुद्दाम घेतलेली नाहीत. भूमिकांवरून काम भागते. घरांची नावे मात्र सार्वजनिक नोंदीतली आहेत: एक ‘द कॅसल’, दुसरे ‘सॉल्ट बॉक्स’.

पार्श्वभूमी

आपल्याकडे व्हिक्टोरियन म्हटले की बोरीबंदरचे स्टेशन, उच्च न्यायालय, राजाबाई टॉवर असा दगडी थाट डोळ्यांपुढे येतो. कॅलिफोर्नियातले व्हिक्टोरियन मुख्यतः लाकडाचे. ते सरकारचे किंवा विद्यापीठाचे नाही, तर दुकानदार, वकील, लाकूड व्यापारी यांच्या राहत्या घरांचे. राणीच्या नावापलीकडे दोन्हींत साम्य फार थोडे, आणि हा फरक या प्रकरणात शेवटपर्यंत महत्त्वाचा ठरतो.

लॉस एंजेलिस १८७६ मध्ये सदर्न पॅसिफिक रेल्वेने सॅन फ्रान्सिस्कोशी जोडले गेले. १८८५ मध्ये सांता फे ही दुसरी कंपनी आली आणि दोघींत भाड्याचे युद्ध पेटले. १८८७ मध्ये मध्य-पश्चिमेकडून येण्याचे तिकीट क्षणभर एका डॉलरपर्यंत उतरल्याची नोंद आहे. माणसांचा लोंढा आला, जमिनीचे भाव चढले, प्लॉट पाडण्याचा सपाटा सुरू झाला. १८८८ मध्ये फुगा फुटला. शहरात आज जी व्हिक्टोरियन घरे शिल्लक आहेत, त्यांतली बरीच या दोन-तीन वर्षांच्या तेजीतली आहेत.

बंकर हिलची सुरुवात याच्याही आधीची. क्विबेकहून आलेल्या एका व्यापाऱ्याने, प्रूडंट बोद्री यांनी, १८६७ मध्ये ही उघडी टेकडी कवडीमोलाने घेतली. कारण वर पाणी नव्हते. त्यांनी पंप बसवून पाणी चढवले, रस्ते आखले आणि प्लॉट विकले. पुढे ते शहराचे महापौरही झाले. १८८५ मध्ये सेकंड स्ट्रीटवर केबलने ओढली जाणारी ट्राम आली, १९०१ च्या शेवटच्या दिवशी ‘एंजल्स फ्लाइट’ ही चढणीवरची छोटी रेल्वे सुरू झाली. खाली बाजार आणि कचेऱ्या, वर वारा, दृश्य आणि श्रीमंतांचे बंगले, अशी वस्ती तयार झाली.

या घरांची बांधणी समजून घेतली पाहिजे. जुन्या पद्धतीत जाड खांब, तुळया आणि खाचा-कुसवांचे सांधे असत, आणि त्यासाठी मुरलेला सुतार लागे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत यंत्रावर कापलेल्या बारीक पट्ट्या जवळजवळ उभ्या करून त्या नुसत्या खिळ्यांनी जोडण्याची पद्धत रुळली. सांगाडा हलका, काम झटपट. वर उत्तर कॅलिफोर्नियात वाढणाऱ्या रेडवुड या झाडाच्या फळ्या. ओसरीचे कातीव खांब, छपराखालची जाळी, खिडकीवरचे कंगोरे हे सगळे गिरणीत यंत्रावर तयार होई आणि नमुना-पुस्तकातून निवडता येई. आज आपण ज्याला हस्तकला समजून हळहळतो, तो तेव्हा कारखान्याचा माल होता. यामुळे त्याची किंमत कमी होत नाही, पण दुरुस्तीचा विचार करताना हे माहीत असलेले बरे: तुटलेला खांब पुन्हा कातून घेता येतो. सांगाडा हलका असल्याने घर पायापासून सोडवून जॅकवर उचलता येते. विटांची धुराडी आणि पाया तेवढा मागे राहतो. जळायलाही मग तेवढाच कमी वेळ लागतो.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विजेच्या ट्राम आणि मागोमाग मोटारी आल्या. श्रीमंतांना बाजाराजवळ राहण्याची गरज उरली नाही, ते पश्चिमेकडे सरकले. बंकर हिलवरचे बंगले खोल्या-खोल्यांनी भाड्याने जाऊ लागले. एका घरात पूर्वी एक कुटुंब आणि नोकर राहत, तिथे आता निवृत्त कामगार, एकटे वृद्ध, नव्याने शहरात आलेले लोक राहू लागले. ‘द कॅसल’चेही तेच झाले. रंग उडाला, ओसऱ्या बंद करून खोल्या काढल्या गेल्या, जिना सार्वजनिक झाला. पण घरे उभी होती आणि भरलेली होती.

प्रश्न

१९४८ मध्ये शहराची पुनर्विकास संस्था स्थापन झाली. १९४९ च्या केंद्रीय गृहनिर्माण कायद्याने ‘झोपडपट्टी निर्मूलना’साठी पैसा मोकळा केला: जागा घेऊन, मोकळी करून, विकासकाला विकताना जो तोटा येईल त्यातला साधारण दोन-तृतीयांश केंद्र सोसणार. उरलेला भाग उभा करण्यासाठी कॅलिफोर्नियाने एक युक्ती काढली होती. पुनर्विकासानंतर मालमत्ता कर जितका वाढेल, त्या वाढीतून कर्ज फेडायचे. म्हणजे जागेवर जितकी उंच आणि महाग इमारत, तितके गणित सोपे. दोन मजली लाकडी घराला या हिशेबात रकानाच नव्हता.

१९५९ मध्ये नगरपरिषदेने बंकर हिलची योजना मंजूर केली. सव्वाशे एकरांहून मोठा भाग. जवळजवळ सगळे पाडायचे, टेकडीचा माथा तासायचा, जुने छोटे रस्ते पुसून मोठे तुकडे करायचे. काही मालक न्यायालयात गेले. १९६४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने योजना वैध ठरवली. त्याआधी शहराने इमारतींच्या उंचीवरची जुनी मर्यादा उठवलेलीच होती. १९६० च्या दशकाच्या अखेरीस बंकर हिल अव्हेन्यूवर ३२५ क्रमांकाचा कॅसल आणि जवळच ३३९ क्रमांकाचा सॉल्ट बॉक्स, एवढी दोनच व्हिक्टोरियन घरे उरली.

पुनर्विकास, संमती, संक्रमण शिबिर हे शब्द मुंबईच्या वाचकाला नवे नाहीत, म्हणून एक फरक सांगतो. बंकर हिलवर जुन्या रहिवाशाला त्याच जागी नवे घर मिळण्याची तरतूद नव्हती. भाडेकरूला जागा सोडायची होती, एवढेच. हजारो लोक गेले. वारसा जतनाच्या चर्चेत घरांचे क्रमांक येतात, हे लोक येत नाहीत. त्यांच्याकडे पुन्हा यावे लागेल.

कायद्याने काय दिले, काय दिले नाही

लॉस एंजेलिसने १९६२ मध्ये सांस्कृतिक वारसा अध्यादेश केला. न्यूयॉर्कचा प्रसिद्ध कायदा १९६५ चा, केंद्राचा राष्ट्रीय जतन कायदा १९६६ चा. म्हणजे ज्या शहराला ‘इतिहास नसलेले’ म्हणून हिणवतात, ते या बाबतीत पुढे होते. ऑगस्ट १९६२ मध्ये पहिली यादी निघाली. त्यात एंजल्स फ्लाइट चौथ्या क्रमांकावर आणि सॉल्ट बॉक्स पाचव्या. कॅसल मागून, २७ व्या क्रमांकावर आला.

इथे थोडे थांबू. ज्या टेकडीवरचे पाडकाम तीन वर्षांपूर्वी मंजूर झाले होते, त्याच टेकडीवरच्या दोन गोष्टी त्याच शहराने पहिल्या पाचांत घातल्या. एका हाताने पाडण्याचा ठराव, दुसऱ्या हाताने जतनाचा. याला मी विसंगती म्हणणार नाही. यादी करणाऱ्या वारसा मंडळाने मुद्दाम धोक्यात असलेल्या वास्तू आधी धरल्या असे दिसते, आणि ते योग्यच होते. पण यादीत नाव आल्याने मिळते काय? पाडकाम लांबवण्याचा अधिकार. आजच्या नियमातही मंडळ १८० दिवस हरकत घेऊ शकते आणि नगरपरिषदेच्या संमतीने आणखी १८० दिवस. पाडकाम कायमचे थांबवता येत नाही. दुरुस्तीसाठी पैसा नाही, वापर चालू ठेवण्याची सक्ती नाही, आणि घर ज्या वस्तीत उभे आहे त्या वस्तीबद्दल तर एक अक्षर नाही. घराला वेळ मिळतो. त्या वेळात दुसऱ्या कोणीतरी तोडगा आणायचा.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय जागेवरच ठेवण्याचा. भावनेने सगळ्यांना हाच हवा असतो. पण टेकडीचा माथा खाली आणायचा होता, रस्ताच राहणार नव्हता. भोवती उंच इमारतींचे खोदकाम सुरू असताना मध्ये जमिनीच्या उंचवट्यावर दोन घरे ठेवणे म्हणजे योजनाच बदलणे. ती संधी १९५९ पूर्वी होती. १९६८ मध्ये हा पर्याय फक्त बोलण्यापुरता उरला होता.

दुसरा, मोजमापे आणि छायाचित्रे घेऊन पाडणे. अमेरिकेत १९३३ पासून ऐतिहासिक इमारतींच्या नोंदणीचा सरकारी उपक्रम होता, पद्धत ठरलेली होती. शिवाय बंकर हिलचे फोटो आणि चित्रे काढणारे बरेच होते. हा स्वस्त आणि प्रामाणिक पर्याय. जतन करणाऱ्यांना तो पराभवासारखा वाटतो, म्हणून त्यावर गंभीरपणे विचार होत नाही. माझ्या मते तो दुसऱ्या कुठल्याही पर्यायाच्या जोडीला व्हायलाच हवा.

तिसरा, जिना, दारे, रंगीत काचा असे भाग काढून जपणे. संग्रहालयाला काही वस्तू मिळतात, घर जाते.

चौथा, घरे हलवून एका जागी ‘वारसा उद्यान’ करणे. शहराच्या वेगवेगळ्या भागांत अशी एकटी पडलेली घरे होतीच. ती एकत्र आणली तर लोक तिकीट काढून बघतील, शाळा सहली आणतील. पसाडेनाकडे जाणाऱ्या फ्रीवेलगत, आरोयो सेको या ओढ्याच्या काठी शहराची जागा मिळण्यासारखी होती.

पाचवा पर्याय मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि त्याचीच चर्चा सर्वांत कमी होते: घरे हलवायची, पण जवळच्या राहत्या वस्तीतल्या रिकाम्या प्लॉटवर, आणि अटी घालून राहणाऱ्याला विकायची. सॅन फ्रान्सिस्कोत १९७४ मध्ये वेस्टर्न ॲडिशन भागात हे झाले. तिथेही पुनर्विकास संस्थेने व्हिक्टोरियन घरांची रांगच्या रांग पाडली होती. जतन करणाऱ्या संस्थेने तिच्याशीच बोलून १२ घरे उचलून त्याच परिसरातल्या दुसऱ्या जागांवर नेली. बंकर हिलच्या पश्चिमेला थोड्याच अंतरावर अँजेलिनो हाइट्स ही १८८६ ची वस्ती होती, तशाच घरांची. तो विचार १९६९ मध्ये झाला असता तर तंत्राच्या दृष्टीने त्यात अडचण नव्हती.

काय केले

चौथा पर्याय निवडला गेला. त्यासाठी एक ना-नफा प्रतिष्ठान उभे राहिले, पुनर्विकास संस्थेने घरे दिली, शहराने जागा दिली.

असे घर हलवणे पाहण्यासारखे असते. आधी धुराडी उतरवतात, ओसरीचे आणि बुरुजाचे निघणारे भाग काढतात. पायाच्या भिंतीत भोके पाडून घराखालून लांब पोलादी किंवा लाकडी तुळया सरकवतात. चहूबाजूंनी जॅक एकसारखे, इंच-इंच चढवतात, नाहीतर भिंतींवरचा गिलावा तडकतो. मग खाली चाकांच्या गाड्या. रस्त्यातल्या विजेच्या आणि टेलिफोनच्या तारा उचलाव्या किंवा तोडून पुन्हा जोडाव्या लागतात आणि बहुतेक वेळा खर्चातला मोठा वाटा त्याचाच असतो. वाटेत कमी उंचीचा पूल असेल तर छप्पर वेगळे न्यावे लागते.

दोन्ही घरे मार्चमध्ये नव्या जागी पोहोचली. ही जागा पुढे ‘हेरिटेज स्क्वेअर’ म्हणून ओळखली गेली. नकाशावर ती मध्यवर्ती वाटते, फ्रीवेवरून रोज हजारो गाड्या जातात. पण फ्रीवे आणि ओढा यांच्यामध्ये ती पुढे वाट नसलेल्या एका रस्त्याच्या टोकाला आहे. गाडीतून जाणाऱ्याला घर दिसते, त्याला थांबता येत नाही.

त्याच वर्षी मे महिन्यात एंजल्स फ्लाइटही बंद झाली. तिचे डबे, कमान आणि स्टेशनघर सोडवून गोदामात ठेवले गेले, पुन्हा बसवण्याचे आश्वासन देऊन.

काय झाले

नव्या जागी घरांत कोणी राहत नव्हते. नासधूस सुरू झाली. ९ ऑक्टोबर १९६९ रोजी आग लागली आणि वाळलेल्या रेडवुडचे ते दोन सांगाडे वाचू शकले नाहीत. बंकर हिलवरच्या राहत्या घरांच्या त्या पिढीतले टेकडीवरून वाचवलेले जे शेवटचे होते, ते असे गेले.

एंजल्स फ्लाइटचे उदाहरण शेजारी ठेवले की फरक कळतो. तीच टेकडी, तीच संस्था, तेच वर्ष. तिचे भाग कुलुपात राहिले. आश्वासन पाळायला २७ वर्षे लागली, पण १९९६ मध्ये ती मूळ जागेपासून अर्धा ब्लॉक दक्षिणेला पुन्हा सुरू झाली. २००१ मध्ये तिथे जीवघेणा अपघात झाला, मध्ये बरीच वर्षे ती बंद राहिली, २०१७ मध्ये पुन्हा चालू झाली. कटकटीचा इतिहास आहे, पण डबे आहेत. सुटे भाग गोदामात थांबू शकतात. उभे लाकडी घर तसे थांबू शकत नाही.

प्रतिष्ठानने मात्र काम सोडले नाही, आणि याचे श्रेय दिले पाहिजे. पुढच्याच वर्षी, १९७० मध्ये, हायलंड पार्कमधले १८८७ चे हेल हाउस एका डॉलरला घेऊन याच जागेवर आणले गेले. घराची किंमत नाममात्र, खरा पैसा हलवायला आणि पुढच्या दुरुस्तीला. दुरुस्तीत जुन्या रंगाचे पापुद्रे सापडले आणि त्यावरून बाहेरचे मूळ रंग ठरवता आले. त्यानंतर बॉइल हाइट्सहून एका लाकूड व्यापाऱ्याचे १८७६ चे माउंट प्लेझंट हाउस आले, पाम्सचे जुने रेल्वे स्टेशन आले, पसाडेनाचे लाकडी चर्च आणि १८९३ चे अष्टकोनी घर आले. आज ते संग्रहालय आहे. लॉस एंजेलिसमध्ये एकाच ठिकाणी व्हिक्टोरियन काळाचे इतके प्रकार दुसरीकडे सहज दिसत नाहीत.

तरी तिथे एक खटकते. ही घरे मूळची वेगवेगळ्या वस्त्यांतली, वेगवेगळ्या आर्थिक थरांतली. ती एकमेकांशेजारी कधीच नव्हती. रेल्वे स्टेशनला रूळ नाहीत, चर्चला मोहल्ला नाही.

तोवर अँजेलिनो हाइट्सच्या कॅरल अव्हेन्यूवर वेगळेच चालले होते. तिथली घरेही खोल्यांनी भाड्याने गेली होती, काहींवर नवे गिलावे चढले होते. हॉलिवूड फ्रीवेने वस्ती शहराच्या मध्यापासून तुटली होती आणि पुनर्विकासाची नजर तिच्यावर पडली नाही. १९७५ मध्ये रहिवाशांनी स्वतःची संस्था काढली. १९७६ मध्ये रस्त्याचा एक तुकडा ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत गेला. एका रिकाम्या प्लॉटवर दुसरीकडून घर हलवून आणून त्यांनी रांगेतली फट भरली. म्हणजे वरचा पाचवा पर्याय शेवटी याच शहरात वापरला गेला. शहराने १९७९ मध्ये क्षेत्र-जतनाचा अध्यादेश केला आणि १९८३ मध्ये अँजेलिनो हाइट्स हे त्याखालचे पहिले क्षेत्र झाले. तिथे खिडकी बदलायची तरी मंजुरी लागते. रहिवासी वैतागतात आणि त्यांचे वैतागणे समजण्यासारखे आहे. पण रात्री दिवे लागलेले असतात.

निर्णयाचे टप्पे आणि वेगळे काय करता आले असते

सर्वांत मोठा निर्णय १९५९ चा, आणि तो वारसा जतनाचा निर्णय नव्हताच. टेकडीवरची दाटी, मोडकळ, आजार आणि गुन्ह्यांचे आकडे मांडून ती ‘जीर्ण’ ठरवली गेली. खोल्या-खोल्यांत राहणारे भाडेकरू हा या जीर्णतेचा पुरावा मानला गेला. पण कॅरल अव्हेन्यूकडे पाहिले तर दिसते की त्याच प्रकारच्या भाडेकरूंनी पडत्या दशकांत तिथली घरे चालती ठेवली. भाडे येत होते म्हणून मालक गळती काढत होता, कोणी राहत होते म्हणून दारे-खिडक्या जागेवर होत्या. बंकर हिलवरही तेच घडत होते. घर रिकामे करणे ही संस्थेच्या कामातली एक नेहमीची पायरी होती. वाचवायच्या घरांनाही तीच पायरी लागू झाली आणि त्याचा परिणाम कोणी वेगळा मोजला नाही.

दुसरा टप्पा १९६२ ते १९६८. सॉल्ट बॉक्सला यादीने सहा-सात वर्षे मिळवून दिली. इतका वेळ अशा कामात क्वचितच मिळतो. या काळात घराचा पुढचा वापरकर्ता शोधायला हवा होता: कोण राहील, कोण खर्च करेल, विमा कोण उतरवेल. ‘कुठे न्यायचे’ हा प्रश्न शेवटी आला आणि त्याचे उत्तर ‘जिथे जागा मिळेल तिथे’ असे निघाले. घाईच्या वेळी असेच होते. म्हणूनच घाई नसताना तो प्रश्न विचारायला हवा होता.

तिसरा टप्पा प्रत्यक्ष स्थलांतराचा. माझे मत असे की दोन्ही घरे एकाच वेळी एकाच ओसाड जागी नेणे ही इथली सर्वांत महागात पडलेली गोष्ट. एकट्या उभ्या लाकडी घराला आगीचा धोका असतोच. दोन घरे एकाच ठिकाणी ठेवली की एका घटनेत दोन्ही जातात. एक घर उद्यानात आणि एक राहत्या वस्तीत गेले असते तर वाईटात वाईट निकालातही एक उरले असते. यावर असे म्हणता येईल की पाडकामाची तारीख समोर उभी होती आणि दुसरी जागा शोधायला सवड नव्हती. मान्य. पण मग उद्यानाच्या आराखड्याआधी पहिल्या पन्नास रात्री कशा काढायच्या याचा आराखडा हवा होता. एका खोलीत वीज-पाणी जोडून पगारी रखवालदाराचे कुटुंब ठेवणे, खालच्या मजल्याच्या उघड्या भागांना फळ्या मारणे, पाण्याचा जोड घरे येण्याआधी आणून ठेवणे. घर हलवण्याच्या खर्चापुढे यातले काहीच मोठे नाही. पण देणगीदाराला फीत कापताना रखवालदाराची खोली दाखवता येत नाही, म्हणून अशा कामांना अंदाजपत्रकात शेवटची जागा मिळते. जगात सगळीकडे.

चौथी गोष्ट कायद्याची. पाडकाम लांबवणारा नियम आणि घर सांभाळणारी व्यवस्था या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यादीतले घर हलवायला परवानगी देताना मंडळाला अट घालता आली असती: नवी जागा राहण्याजोगी होईपर्यंत घर मूळ जागेवरून हलणार नाही आणि तोवर ते जपण्याची जबाबदारी ज्या संस्थेला जागा मोकळी हवी आहे तिची. ज्याला घाई आहे त्याच्यावर खर्च टाकला की घाई जरा कमी होते.

भाडेकरूंबद्दल. ज्या वर्षांत दोन घरांच्या स्थलांतराची आखणी झाली, त्याच वर्षांत टेकडीवरचे शेवटचे रहिवासी पांगले. केंद्राच्या प्रकल्पांमुळे विस्थापित होणाऱ्या भाडेकरूला हलण्याचा खर्च आणि पर्यायी घरासाठी मदत सर्वत्र एकसारखी मिळावी, असा कायदा अमेरिकेत झाला तो १९७० चा. त्यावर सही झाली २ जानेवारी १९७१ रोजी. तोवर बंकर हिल रिकामी झाली होती.